ममीचा सातबारा

बडोद्यात पाहुणे आले की त्यांना कमाटी बागेत न्यायचं, हे आमच्या घरात ठरलेलं. हल्ली सगळे सयाजीबाग म्हणतात, पण घरात नाव जुनंच. क्रमही ठरलेला: आधी म्युझियममधला देवमासा, मग इजिप्तची ममी, आणि बाहेर पडल्यावर शेव-उसळ. देवमासा म्हणजे १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा, सुमारे ७० फूट लांब. त्याच्यासमोर पोरं गप्प होतात. ममीसमोर मात्र कुजबुज सुरू होते.

साताऱ्याचे आमचे दाजी मागे आले होते, तेव्हा ते नुकतीच तिकडच्या संग्रहालयात वाघनखं बघून आलेले. त्यामुळे जोशात होते. ममीच्या काचेसमोर उभे राहून मला म्हणाले, "आपलं जे जे तिकडं नेलंय ना, ते सगळं परत आणलं पाहिजे. एकूण एक."

मी काचेकडे बोट केलं. "आणि हिचं काय, दाजी?"

दाजी क्षणभर थांबले. मग म्हणाले, "ही आपण विकत घेतलीय."

दाजींचं उत्तर चुकीचं नव्हतं. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९५ साली, ती खरोखरच विकत घेतली होती. पण आज जगभरच्या म्युझियममध्ये जो वाद पेटलाय, तो नेमका ह्याच वाक्यापाशी येऊन अडतो. विकत घेतली ठीक, पण विकणारा कोण होता? त्याच्याकडे ती कुठून आली? विकायचा त्याला अधिकार होता का? आणि काही गोष्टी मुळात विकायच्या असतात का?

जमीन घेताना आपण काय करतो? आधी सातबारा काढतो. आज नाव कुणाचं आहे एवढं बघून भागत नाही, मागचे फेरफार बघतो. आजोबांकडून कुणाकडे गेली, कूळ होतं का, बहिणींच्या सह्या घेतल्या होत्या का. वस्तूंचाही असा सातबारा असतो. म्युझियमवाले त्याला 'प्रॉव्हेनन्स' म्हणतात. मूर्ती घडली तिथपासून आजच्या काचेच्या कपाटापर्यंत ती कुणाकुणाच्या हातातून गेली, त्याची ही साखळी. पाटीवर मात्र ती जवळपास कधीच नसते. कुठल्याही म्युझियमची पाटी वाचून बघा. नाव, काळ, दगड की धातू, सापडल्याचं ठिकाण. सापडल्यापासून इथे येईपर्यंत काय घडलं, ते गायब.

ते असतं आतल्या रजिस्टरमध्ये. वस्तू आली की तिला नंबर पडतो आणि तो रजिस्टरात चढतो. मग तोच नंबर वस्तूवरही घालायचा, पण समोरून दिसणार नाही असा, म्हणजे तळाशी नाहीतर पाठीमागे. आधी पारदर्शक लॅकरचा बोटभर पट्टा द्यायचा, तो वाळला की बारीक निबाने शाईत आकडे, आणि त्यावर पुन्हा एक हात लॅकर. म्हणजे उद्या नंबर काढायची वेळ आली तरी मूर्तीला ओरखडा पडत नाही. हे सगळं शिकवणारा म्युझिऑलॉजीचा विभाग आमच्या सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून आहे, देशातला पहिला. ह्या बाबतीत बडोदेकरांना थोडी मिजास करायला हरकत नाही.

आता ममीकडे येऊ. इजिप्तमध्ये प्राचीन वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी घालणारा पहिला हुकूम १८३५ चा. पण पुढे परवानाधारक दुकानदार राजरोस वस्तू विकत राहिले. खुद्द कैरोच्या म्युझियममध्ये विक्रीची खोली होती, ती १९७९ पर्यंत चालली. हा सगळा परवान्याचा व्यापार बंद पडला तो १९८३ च्या कायद्याने. म्हणजे १८९५ साली ममी विकत घेण्यात त्या काळाच्या मानाने काही वावगं नव्हतं. युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंतांच्या घरी ममी असणं तेव्हा हौसेचं होतं. 'नॅचरल हिस्टरी'च्या दालनात पेंढा भरलेल्या प्राण्यांशेजारी माणूस ठेवण्यातही कुणाला काही खटकत नव्हतं.

आता खटकतं. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स म्युझियमने २०२० मध्ये आपल्याकडची माणसांची मुंडकी आणि इतर मानवी अवशेष मांडणीतून काढून घेतले. ब्रिटनमधली काही म्युझियम हल्ली 'ममी' ह्या शब्दाऐवजी 'ममी केलेली व्यक्ती' असं लिहितात. खुद्द इजिप्तने २०२१ मध्ये आपल्या २२ राजाराण्यांच्या ममी जुन्या म्युझियममधून नव्यात हलवल्या तेव्हा रथ सजवून, सलामी देऊन मिरवणूक काढली. आणि २०२४ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या एका लिलावात नागा माणसाची कवटी विकायला निघाली, तेव्हा नागालँडच्या मुख्यमंत्र्यांपासून सगळ्यांनी आरडाओरडा केला आणि ती लिलावातून मागे घ्यावी लागली.

नागांच्या मागे बोलायला नागा आहेत. आमच्या ह्या इजिप्तच्या बाईच्या मागे कोण आहे? तिची भाषा बोलणारं, तिचे देव मानणारं आज कुणी उरलेलं नाही. बेवारशी प्रेताचं काय करायचं, हा प्रश्न आहे हा. माझं मत विचाराल तर मी तिला लगेच विमानात बसवा म्हणणार नाही. पण एक गोष्ट मला दर वेळी टोचते. रस्त्यावरून मयत चाललं असलं तर अनोळखी असलं तरी आपण गाडी बाजूला घेतो, हात जोडतो. इथे तीच आपण माणसं मोबाइल वर धरून काचेला नाक लावतो. 'राजकन्या होती' असं पाहुण्यांना सांगायची आम्हा बडोदेकरांना सवय, जणू साधी बाई असती तर बघण्यालायक नसती. काचेवर एक जाड पडदा आणि बाहेर दोन ओळी: आत एका माणसाचा देह आहे, बघायचा असेल तर पडदा सारा. एवढं करायला कुठल्या कायद्याची वाट बघावी लागत नाही.

दाजींच्या वाघनखांचा सातबारा काढला तर तो आणखी गुंतागुंतीचा निघतो. ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची. साताऱ्याचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने ती तिकडे नेली आणि पुढे त्याच्या घराण्याकडून म्युझियमला मिळाली. अफझलखानाच्या पोटात गेलेली वाघनखं हीच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही, असं ते म्युझियम स्वतःच म्हणतं. दुसरं म्हणजे २०२४ च्या जुलैत ती आपल्याकडे आली ती तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी. 'परत आली' असं आपण म्हणालो, वर्तमानपत्रांनी छापलं. पण ज्याची वस्तू त्याने दुसऱ्याला उसनी दिली की मालकी कुणाची हे आपोआप कबूल होतं. करारावर सही करणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. ब्रिटनचे कायदेच असे आहेत की तिथल्या मोठ्या सरकारी म्युझियमना आपल्या वस्तू सहसा देऊन टाकता येत नाहीत. ब्रिटिश म्युझियमला १९६३ च्या कायद्याने बांधलंय, व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला १९८३ च्या. कायदा बदलणं पार्लमेंटच्या हातात आणि पार्लमेंटला घाई नाही. त्यामुळे 'उसनं' ही दोन्ही बाजूंची अब्रू राखणारी पळवाट झालीय.

दुसरी वाट पैशांची. नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र सरकारने ती ४७ लाख १५ हजारांना सोडवली. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ती इंग्रजांकडे गेली असावी असा अंदाज आहे. लूट असेल तर आपण आपलीच वस्तू पैसे मोजून घेतली. नजराणा असेल तर तक्रारीला जागा नाही. दोन्हींत सरकारला पेढे वाटता आले हे खरं.

त्याच वर्षी ह्याहून नाजूक प्रकरण झालं. उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवा इथे १८९८ साली पेपे नावाच्या इंग्रज जमीनदाराने स्तूप उकरला. आत बुद्धाच्या अस्थी आणि त्यांच्यासोबत वाहिलेली शेकडो रत्नं, मणी, सोन्याची फुलं. अस्थी सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजाला गेल्या, बरीचशी रत्नं कलकत्त्याच्या म्युझियमला, आणि थोडा वाटा पेपे घराण्याकडे राहिला. तो २०२५ च्या मे महिन्यात हाँगकाँगला लिलावाला आला. भारत सरकारने नोटीस पाठवली, लिलाव थांबला आणि जुलैअखेर ती रत्नं भारतात आली. आली ती गोदरेज समूहाने विकत घेतली म्हणून. आनंदाची गोष्ट, नाही कशाला म्हणू? पण अस्थींसोबत पुरलेली फुलं हा 'माल' नव्हे असं नोटिशीत म्हणायचं आणि पुढे त्याचीच किंमत मोजायची, ह्यात पुढच्या लिलाववाल्याला काय शिकायला मिळालं, हेही बघायला हवं. ओरडा झाला की गिऱ्हाईक मिळतं, हे.

कोर्टामुळे परत मिळालेली मूर्तीही आहे, आणि ती गोष्ट मला फार आवडते. तमिळनाडूतल्या पत्तूर गावी १९७६ साली जमिनीखाली नटराज सापडला. तो हातोहात फिरत लंडनला पोहोचला आणि १९८२ मध्ये एका कॅनडाच्या कंपनीने विकत घेतला. खटला उभा राहिला तेव्हा वादी म्हणून कोण कोण उभं राहिलं? त्यात त्याच पडक्या देवळातलं शिवलिंगही होतं. आपल्या कायद्यात देव हा मालमत्ता बाळगू शकणारा इसम आहे. देवस्थानच्या इनाम जमिनींमुळे हे मराठी माणसाला नवीन नाही. इंग्लंडच्या न्यायाधीशांनीही अखेर देवळाचा हक्क मानला. १९९१ मध्ये अपिलातही तोच निकाल राहिला आणि नटराज परत आला. परत आला तो मात्र देवळात नाही, सरकारी मूर्तिसुरक्षा केंद्रात. चोरीच्या भीतीने कुलपात. पूजा नाही आणि दर्शकही नाहीत. लंडनच्या म्युझियममध्ये निदान बघणारे तरी असते, असं कुणी म्हणालं तर राग येतो खरा, पण उत्तर द्यायला जीभ जड होते.

'मूळ जागी परत' ह्या शब्दांतली मेख बडोद्यातच बघायला मिळते. विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने १९६० च्या सुमारास शामळाजीजवळ देवनीमोरीला उत्खनन केलं. बौद्ध स्तूप आणि विहार निघाले, आणि स्तूपाच्या पोटात दगडी करंडा. करंड्यावर लेख, आत बुद्धाचे मानले गेलेले अवशेष. तो करंडा बडोद्यात विद्यापीठाकडे आहे. उद्या कुणी म्हणालं की ज्याचं त्याला द्या, तर नेऊन ठेवणार कुठे? मेश्वो नदीवर धरण होणार होतं म्हणून तर ते उत्खनन घाईने केलं होतं. ती जागा आज पाण्याखाली आहे, आणि आसपास तेव्हाचे बौद्ध नाहीत. २०२५ मध्ये पंतप्रधानांनी कोलंबोत जाहीर केलं की गुजरातमधले हे अवशेष श्रीलंकेत दर्शनाला पाठवू. म्हणजे एकच करंडा: इथे संशोधनाची वस्तू, कोलंबोत श्रद्धास्थान, आणि दोन्ही सरकारांच्या टेबलावर शेजारधर्म. वस्तू हलली की तिचा अर्थ हलतो. मांडणीचं राजकारण म्हणतात ते हेच.

आकोट्याच्या मूर्तींचंही तसंच. आकोटा म्हणजे विश्वामित्री ओलांडली की लागतो तो, आता फ्लॅटच्या किमती विचारायची सोय नाही असा भाग. १९५१ मध्ये तिथे जैन धातुमूर्तींचा साठा सापडला, ६८ मूर्ती, पाचव्या शतकाच्या आसपासपासून पुढच्या काळातल्या. बडोदा म्युझियमची खरी दौलत ही. ममीपुढे गर्दी करणारे पाहुणे ह्यांच्यासमोरून दोन मिनिटांत पुढे जातात, ह्याचं मला जुनं दुःख आहे. त्यात जीवंतस्वामीची एक मूर्ती आहे. दीक्षेआधीचा महावीर, मुकुट आणि दागिन्यांसह, डोळे चांदीचे. त्याच्या आसनावर लेख कोरलाय: चंद्रकुळातल्या नागीश्वरी श्राविकेने दिलेलं हे देवदान. दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईने स्वतःचं नाव घालून देवाला दिलेली वस्तू. इथे सातबारा मूर्तीवरच कोरलेला आहे म्हणायचं. तिने ती म्युझियमला दिली नव्हती. पण म्युझियमने घेतली नसती तर कुठल्या तरी तांबटाकडे मोडीत वजनावर गेली असती, हेही तितकंच शक्य होतं. हे दोन्ही मनात धरून त्या मूर्तीपुढे उभं राहायचं तर ते सोपं नाही. दिल्लीच्या नॅशनल म्युझियममध्ये पिप्रहवालाच पुढच्या उत्खननात मिळालेल्या अस्थींसमोर लोक वाकून नमस्कार करतात आणि त्यांना कुणी हटकत नाही. ही मधली वाट मला बरी वाटते.

बरं, सातबारा फक्त गोऱ्यांचाच तपासायचा असं कुठे आहे? बडोद्याचा मोत्यांचा गालिचा घ्या. खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास तो करवला, मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर वाहण्यासाठी असं म्हणतात. बसऱ्याचे लाखो बारीक मोती, हिरे, माणकं. वाहायचा राहिला आणि इथेच राहिला. पुढे बडोद्याचे शेवटचे महाराज प्रतापसिंहराव ह्यांच्या काळात त्यांच्या पत्नी सीतादेवींबरोबर तो मोनॅकोला गेला. २००९ मध्ये दोहाच्या लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरना विकला गेला. आज तो बघायचा तर कतारला जायला लागतं. कुणी तलवार उपसली नाही, कुणी बोटीत घालून पळवला नाही. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं तेव्हा राजाचं खासगी कोणतं आणि राज्याचं कोणतं, ह्याच्या याद्या झाल्या. सगळ्याच संस्थानांत झाल्या. रयतेच्या साऱ्यातून घेतलेली वस्तू राजाची खासगी कधी होते? हा प्रश्न तेव्हा वकिलांनी सोडवला, रयतेला कुणी विचारलं नाही. लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातलं महाराजा फतेसिंह म्युझियम १९६१ पासून आहे. रविवर्म्याची तिथली चित्रं आपण तिकीट काढून बघू शकतो, आणि गालिच्याची गोष्ट आठवली की ते भाग्यच वाटतं.

उलट्या दिशेचंही एक उदाहरण कमाटी बागेतल्या म्युझियमच्या आवारात आहे. सयाजीरावांनी म्युझियमला जोडून पिक्चर गॅलरी बांधली आणि युरोपची तैलचित्रं निवडायला लंडनचे कलासमीक्षक स्पीलमन ह्यांना नेमलं. इमारत १९१४ मध्ये तयार झाली, पण महायुद्धामुळे चित्रं तिकडेच अडकली आणि गॅलरी उघडायला १९२१ उजाडलं. सगळे गोरे राजे हिंदुस्थान गोळा करत होते तेव्हा एक मराठा राजा युरोप गोळा करत होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं: माझी रयत युरोपला जाऊ शकत नाही, तर युरोप इथे आणू. मला ह्यात गंमत आणि अभिमान दोन्ही वाटतं. पण चांगलं काय हे ठरवायला माणूस लंडनचाच लागला, हेही नजरेआड करता येत नाही.

दाजींना घेऊन म्युझियममधून बाहेर पडलो, तेव्हा ते शेव-उसळीच्या गाडीकडे वळले. मी म्हटलं, आधी एका ठिकाणी जाऊ. ह्याच बागेत ती जागा आहे. १९१७ साली डॉ. आंबेडकर बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले. ऑफिसात शिपाई फायली लांबून फेकत. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही लाठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी ह्या कमाटी बागेत काढले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. ज्या वडाखाली ते बसले ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि दर २३ सप्टेंबरला तिथे लांबलांबून माणसं येतात, महाराष्ट्रातूनही. तेव्हा ह्याच बागेतल्या म्युझियममध्ये ममी होती, आणि युरोपच्या चित्रांची भिंत रंगवून तयार होती. बागेत बसलेल्या त्या माणसाला शहरात रात्रीपुरती खोली नव्हती.

माझ्या लहानपणी पाहुण्यांना दाखवायच्या यादीत ही जागा नव्हती. आमच्या घराच्या यादीत ती का नव्हती, ह्याचं उत्तर मला माहीत आहे आणि ते आमच्या घराला फारसं शोभा देणारं नाही.

दाजी थोडा वेळ वर फांद्यांकडे बघत राहिले. म्युझियममध्ये जीवंतस्वामीसमोरून ते चपला घालूनच गेले होते, आम्ही सगळेच जातो. इथे त्यांनी न सांगता चपला काढल्या, बाजूला नीट जोडून ठेवल्या, आणि मला विचारलं, "मघाशी देवमाशाच्या आधी इथं का नाही आणलंत?"

मी म्हटलं, पुढच्या वेळी क्रम बदलू.